मतभेदांचं दफ्तर

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या वाचनालयाचा संदर्भ विभाग जिवापाड जपला. म्हणून आज मी कोशाविषयीच बोलायचं ठरवलं. मराठी माणसाला कोशाचं वेड जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी कंपनी काढून, शेअर विकून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड तडीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत मराठी विश्वकोश उभा केला. महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड दिले. या सगळ्या कामांची रीत एकच होती. दोन अभ्यासकांचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द मुख्य संपादकाचा. वाद त्यांच्या टेबलावर मिटे आणि वाचकाच्या हाती छापील निकाल तेवढा येई. कोण काय म्हणालं, कोणता कागद ग्राह्य धरला, कोणता बाजूला ठेवला, हे सहसा पडद्याआडच राही.

विकिपीडियाला मुख्य संपादक नाही. १५ जानेवारी २००१ रोजी तो सुरू झाला, त्याआधी त्याचे संस्थापक जिमी वेल्स आणि लॅरी सँगर न्यूपीडिया नावाचा दुसरा कोश चालवत होते. तिथे तज्ज्ञांनी लेख तपासण्याचे सात टप्पे ठरलेले होते. ते सगळे पार करून तीन-साडेतीन वर्षांत जेमतेम पंचवीसेक लेख बाहेर पडले. विकिपीडियानं ते टप्पेच काढून टाकले. आधी लिहा, तपासणी मागाहून होईल, आणि ती कुणीही करावी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला.

मग साहजिक प्रश्न येतो. जिथे कुणीही लिहू शकतो आणि कुणीही खोडू शकतो, तिथे भांडण लागलं तर मिटवायचं कुणी? लोक मला विचारतात की या भांडणांमुळे विकिपीडियावर विश्वास कसा ठेवायचा. माझं मत नेमकं उलट आहे. हा कोश विश्वासाला पात्र ठरतो तो तिथल्या भांडणांमुळे, आणि ती भांडणं दफ्तरी जपून ठेवल्यामुळे. मराठी विकिपीडियाची खरी अडचण ही आहे की तिथे पुरेसं भांडायला माणसं नाहीत.

हे दफ्तर कसं दिसतं ते आधी सांगतो. लेखाच्या माथ्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' अशी दोन बटणं असतात. शंभरातले नव्याण्णव वाचक त्यांना हात लावत नाहीत. 'इतिहास पहा' उघडलं की लेखात आजवर झालेला प्रत्येक बदल ओळीनं पुढे येतो. वेळ, तारीख, सदस्याचं नाव, मजकूर वाढला असेल तर हिरवा आकडा, घटला असेल तर लाल, आणि शेवटी बदल करणाऱ्यानं दिलेलं कारण: शुद्धलेखन, संदर्भ जोडला, संदर्भाशिवाय भरलेली जन्मतारीख काढली, हे कुठून घेतलं, चर्चा पानावर सांगावे. कुठल्याही दोन ओळी निवडून तुलना मागा. जुना परिच्छेद डावीकडे, नवा उजवीकडे, आणि एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला असला तरी तो रंगवून दाखवलेला. कुणी रात्री दोन वाजता एखाद्या आमदाराच्या लेखातून खटल्याचा उल्लेख उडवला, तर उडवल्याची नोंद तिथे कायमची राहते.

'चर्चा' पानावर मुद्द्याला मथळा असतो, खाली पहिलं म्हणणं, त्याखाली थोडं आत सरकवून उत्तर, त्याहून आत उत्तराचं उत्तर. प्रत्येकाखाली सही आणि वेळ. चर्चा जुनी झाली की दुसऱ्या पानावर हलवतात, पण फेकत नाहीत. आणि ज्याला एखाद्या लेखाची काळजी आहे तो तो लेख आपल्या 'पहाऱ्याच्या सूची'त टाकतो. मग तिथे काही हललं की त्याला कळतं. हे पहारेकरी बिनपगारी आहेत. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, कुणी निवृत्त अभियंता. त्यांची एकमेकांशी गाठभेट बहुधा कधीच झालेली नसते.

आता एक वाद तपशिलानं सांगतो, कारण पुढचे कितीतरी नियम कसे सुचले असतील ते त्यातून कळतं. पोलंडमध्ये बाल्टिक समुद्रावर ग्दान्स्क नावाचं बंदर आहे. जर्मन लोक त्याला डान्झिग म्हणत आले. तापमापकाचा फॅरनहाइट तिथला, तत्त्वज्ञ शोपेनहॉर तिथला, कादंबरीकार ग्युंटर ग्रास तिथला. दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी याच शहराच्या तोंडाशी सुरू झालं. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये एका लेखाचा मथळा गाजला होता: डान्झिगसाठी मरायचं कशाला? अशा शहराचं नाव लिहायचं कसं, यावरून इंग्रजी विकिपीडियावर पोलिश आणि जर्मन बाजूचे संपादक अनेक महिने एकमेकांचं लिखाण उलटवत राहिले. शहराच्या लेखापुरतं हे असतं तर निभावलं असतं. पण त्या शहरात जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या चरित्रात, प्रत्येक लढाईत, प्रत्येक तहात तेच नाव येतं. एकानं डान्झिग लिहिलं की तासाभरात दुसरा ग्दान्स्क करी.

वरवर पाहता हा पोरकट हट्ट वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या आजोबांना त्या शहरातून हाकललं, आणि ज्यांच्या आजोबांना त्या शहराच्या नावाखाली मारलं, अशी माणसं त्या पानावर समोरासमोर आली होती. नावाचा प्रश्न त्यांच्यासाठी मालकीचा होता.

२००५ च्या सुरुवातीला तो वाद कौलाला टाकला गेला, आणि कौल मांडताना कुणीतरी फार शहाणपणा दाखवला. 'ग्दान्स्क की डान्झिग' असा एकच प्रश्न विचारलाच नाही. शहराच्या इतिहासाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक काळासाठी वेगळं मत मागितलं. निकाल लागला तो असा. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी शहर घेतलं, तिथपासून १९४५ पर्यंत डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. चरित्रनायक स्पष्टपणे जर्मन असेल तर आधी डान्झिग आणि कंसात ग्दान्स्क, पोलिश असेल तर उलट. लेखात नाव पहिल्यांदा येईल तिथे दुसरं नावही द्यायचंच. पूर्ण समाधान कुणाचंच झालं नाही. कुरबुर पुढेही चालली. पण दर तासाला होणारी उलटापालट थांबली, आणि पुढे कुणी नव्यानं उकरून काढलं की त्याला त्या कौलाच्या पानावर नेऊन सोडायची सोय झाली. दारिउश येम्येल्न्याक हे पोलिश प्राध्यापक स्वतः विकिपीडियाचे जुने संपादक. विकिपीडियाच्या अंतरंगावर त्यांनी २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात वाद मिटवण्याच्या प्रकरणाला त्यांनी डान्झिगच्याच त्या जुन्या मथळ्याचं नाव दिलं आहे.

त्याच सुमारास, २००४ च्या अखेरीस, तीन वेळांचा नियम आला. एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं, तर तुम्ही बरोबर असलात तरी तुमचं खातं काही काळ बंद होऊ शकतं. 'बरोबर असलात तरी' हे महत्त्वाचं. नियम सत्याबद्दल काही बोलत नाही, तो फक्त हात थांबवतो, म्हणजे बोलणं सुरू व्हावं. कठीण वादांसाठी इंग्रजी विकिपीडियावर लवाद समितीही आहे, २००४ पासून. तीही अमुक वाक्य खरं की खोटं यावर निकाल देत नाही. कुणी कसं वागलं, कुणी अंगावर गेलं, कुणी दुसऱ्या नावानं खातं उघडून स्वतःलाच दुजोरा दिला, एवढंच ती बघते. मजकुराचा निर्णय संपादकांनीच करायचा. एरवी वादाची हाक सगळ्या समाजाला दिली जाते, साधारण महिनाभर कुणीही येऊन मत मांडतो, आणि शेवटी त्या वादात नसलेला एखादा अनुभवी संपादक सगळं वाचून निष्कर्ष लिहितो. तो डोकी मोजत नाही. दहा जणांनी नुसतं 'सहमत' लिहिलं आणि दोघांनी ग्रंथ, पान, उतारा दिला, तर दोघांचं पारडं जड होऊ शकतं. म्हणूनच मतदान तिथे शेवटचा उपाय मानतात. आपल्या न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावं म्हणून, जिंकावं म्हणून, आणि समोरच्याचं नुसतं मोडावं म्हणून. विकिपीडियाचे बहुतेक नियम पाहिले तर जल्पाला आलेल्या माणसाला वादात कसं बसवायचं, याचीच ती खटपट आहे.

आपल्याकडची उदाहरणंही थोडी नाहीत. भारताविषयीच्या इंग्रजी लेखांत पूर्वी सुरुवातीलाच नाव भारतीय लिप्यांत देत. मग एकानं देवनागरी घालावी, दुसऱ्यानं कन्नड, तिसऱ्यानं म्हणावं उर्दू का नाही, चौथ्यानं आधीच्या तिन्ही काढाव्यात. बेळगावसारख्या गावाचं काय होत असेल ते मी सांगायला नको. शेवटी २०१२ मध्ये चर्चा होऊन ठरलं की अशा लेखांच्या प्रास्ताविकात भारतीय लिपी शक्यतो घालूच नये. मला हा निर्णय आवडत नाही. आपल्या गावाचं नाव आपल्या अक्षरांत दिसावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यामागची चर्चा मी वाचली आहे, आणि त्या जागी मी असतो तर मलाही दुसरी तोड सुचली नसती. जातींविषयीच्या लेखांवरही २०१२ पासूनच तिथे कडक निर्बंध आहेत. कारण उघड आहे. आपल्या जातीचं मूळ क्षत्रियांत नेऊन भिडवणारे आणि शेजारच्या जातीला खाली ढकलणारे हात तिथे अहोरात्र चालू होते.

भिन्न मतांची माणसं एका पानावर आली की लेखाचा चुथडा होतो, असा आपला समज असतो. फेंग शी, मिशा टेप्लिट्स्की, ईमन ड्यूड आणि जेम्स इव्हान्स या संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियाचे राजकारण, सामाजिक प्रश्न आणि विज्ञान या विषयांवरचे लेख तपासले. २०१९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की ज्या लेखांवर अमेरिकेतल्या दोन्ही राजकीय बाजूंचे संपादक मिसळून काम करत होते, त्या लेखांचा दर्जा एकाच बाजूच्या लेखांपेक्षा वरचा होता. तिथल्या चर्चा लांबल्या, पण मुद्द्याला धरून राहिल्या, आणि संपादकांनी विकिपीडियाच्या धोरणांचा आधार अधिक घेतला. माझा अनुभवही हेच सांगतो. विरोधक पहाऱ्यावर आहे हे माहीत असलं की माणूस विशेषण लिहिण्याआधी संदर्भ शोधतो.

विरोधक नसला तर काय होतं, हे क्रोएशियन विकिपीडियानं दाखवलं. क्रोएशिया चाळीस लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश. तिथल्या विकिपीडियावर एका विचाराच्या मूठभर प्रचालकांनी, म्हणजे खाती बंद करण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांनी, वर्षानुवर्षं पकड बसवली. हरकत घेणाऱ्याचं खातं बंद करायचं, की पुढची हरकत घ्यायला कुणी उरत नाही. यासेनोव्हाट्स इथे महायुद्धात सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांचा संहार झाला, त्या छळछावणीला तिथला लेख गोळा केलेल्यांची आणि मजुरांची छावणी म्हणत होता. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. सुटका व्हायला त्यानंतरही सात-आठ वर्षं गेली. त्यातल्या मुख्य प्रचालकावर जागतिक बंदी आली, आणि २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं या सगळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला. नियम तिथेही होते. निःपक्षपाती लिहा, संदर्भ द्या, समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चला, सगळं होतं. नव्हती ती नियमांवर बोट ठेवणारी पुरेशी माणसं.

हे पाहून मला आपली काळजी वाटते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. मराठी विकिपीडियाचे लेख लाखाच्या घरात गेले आहेत. प्रचालक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चावडीवर, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर, एखादा धोरणाचा प्रश्न मांडला जातो आणि त्याखाली तीन-चार सह्या पडतात. जर्मन शहराचं नाव इंग्रजी वळणानं लिहावं की जर्मन उच्चाराप्रमाणे, ऱ्हस्व-दीर्घात कोणता नियम पाळावा, अशा गोष्टींवर जुन्या चर्चा आहेत, आणि काही फार चांगल्या आहेत. पण हजारो लेखांची चर्चा पानं कोरी आहेत. कोरं चर्चा पान म्हणजे एकमत झालं असं कुणी समजू नये. त्या लेखाकडे दुसऱ्या माणसानं पाहिलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. गावचा लेख गावच्या पुढाऱ्याच्या माणसानं लिहावा आणि त्याला कुणी विचारू नये, हे रोज घडतं आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'छावा' चित्रपट लागल्यानंतर, छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडियातील मजकुराविरुद्ध महाराष्ट्रात संताप उसळला. महाराष्ट्र सायबरनं मजकूर हटवण्याची नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हा दाखल झाला. लोकांची भावना दुखावली हे खोटं नव्हतं. ज्या राजानं असे हालहाल सोसून मरण पत्करलं, त्याच्याबद्दल अनुदार शब्द वाचून ज्याला काही वाटत नाही, त्याच्याशी मला बोलायचं नाही. पण त्या दिवसांत मला सारखे इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे आठवत होते.

संभाजी महाराजांची व्यसनी, उतावीळ, राज्य घालवणारा अशी प्रतिमा काही विकिपीडियानं बनवलेली नाही. ती आपल्याच घरची आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. लिहिणारा बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. त्या बखरीवर विसंबून इतिहास लिहिले गेले, नाटकं लिहिली गेली, पिढ्यानपिढ्या टाळ्या पडल्या. बेंद्र्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला नाही. ते कागदांच्या मागे लागले, दफ्तरं धुंडाळली, समकालीन साधनं गोळा केली, आणि चार दशकांच्या खटपटीनंतर १९६० मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. पुढे डॉ. कमल गोखल्यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून ते काम आणखी पक्कं केलं. आज आपण ज्या संभाजी महाराजांना ओळखतो ते या दोन अभ्यासकांनी, पुराव्यानं, उघड मतभेद करून परत मिळवून दिलेले आहेत. बखर त्यांनी जाळली नाही. ती कुणी, कधी, का लिहिली हे सांगून तिला तिच्या जागी बसवलं.

विकिपीडियावर हेच करता येतं, आणि करायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. इंग्रजी विकिपीडियात इंग्रजीतलेच संदर्भ चालतात असा आपल्याकडे सार्वत्रिक गैरसमज आहे. तिथलं धोरण अन्य भाषांतले ग्रंथ स्वीकारतं. कुणी शंका घेतली तर मूळ उतारा आणि त्याचं भाषांतर द्यावं लागतं, एवढंच. इंग्रजी लेखात जुन्या इंग्रजी पुस्तकांचं मत एकतर्फी आलं असेल, तर त्याशेजारी बेंद्र्यांचं मत त्यांच्या नावानिशी ठेवायला कुणाचीही बंदी नाही. जुनं मत पुसून टाकायची मागणी टिकणार नाही, आणि माझ्या मते टिकूही नये. दोन्ही मतं, कोणाचं कोणतं, कशाच्या आधारावर, हे वाचकासमोर आलं की बेंद्र्यांचा पुरावा स्वतःचं काम करतो. नोटिशीमुळे एखादं वाक्य गेलं तर ते का गेलं, हे दफ्तरात फक्त नोटीस म्हणूनच राहील. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला त्यातून बेंद्रे कळणार नाहीत.

तेव्हा या सभागृहात बसलेल्या इतिहासाच्या शिक्षकांना, निवृत्त मंडळींना, वाचनालयाच्या सभासदांना माझी विनंती आहे. एक खातं उघडा. आपल्या तालुक्याचा, आपल्या किल्ल्याचा, ज्या माणसावर आपण आयुष्यभर वाचलं त्याचा लेख पहाऱ्याच्या सूचीत टाका. चूक दिसली तर लगेच खोडू नका. चर्चा पानावर जा, ग्रंथाचं नाव लिहा, आवृत्ती लिहा, पान क्रमांक लिहा, उतारा द्या, खाली सही करा. समोरून हरकत येईल. कधी ती उद्धट असेल, कधी अडाणी, आणि कधी ती बरोबरही असेल. रागावून निघून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे या आणि उत्तर द्या. बेंद्र्यांचा ग्रंथ आपल्याच वाचनालयाच्या इतिहास विभागात आहे, आणि सभासदाला तो आठ दिवसांसाठी घरी नेता येतो.